आटलेल्या स्वेटरचा हत्ती

आमच्या लहानपणी घरात नवी लोकर क्वचित यायची, आणि एकदा आली की वर्षानुवर्षं मुक्काम ठोकायची. नाशिकची थंडी बोचरी. शेजारच्या निफाडचा पारा राज्यात सगळ्यांत खाली उतरल्याच्या बातम्या आजही दर हिवाळ्यात येतात आणि द्राक्षबागायतदार रात्री बागांमधून शेकोट्या पेटवतात. स्वेटर ही गरजेचीच गोष्ट होती. वडिलांचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर कोपरात विरला की आई तो उसवायची, कोपराजवळची अशक्त लोकर बाजूला काढायची आणि उरलेल्या लोकरीत मोठ्या भावाचा स्वेटर बसवायची. पुढे त्याचा धाकट्यासाठी बिनबाह्यांचा व्हायचा. मग कानटोपी, मग पायमोजे. या सगळ्यात जे तुकडे, गाठी, वीतभर-हातभर धागे उरत, ते एका जुन्या उशीच्या अभ्र्यात साठत जात. आमचे ससे, हत्ती आणि मांजरं त्या अभ्र्यातून जन्माला आली.

आता जुन्या लोकरी कपड्यांचे प्राणी पुन्हा दिसू लागले आहेत. पुण्या-मुंबईच्या हस्तकलेच्या प्रदर्शनांत त्यांची टेबलं लागतात. माझी भाची कोथरूडच्या आपल्या घरी हेच काम करते आणि तिच्याकडे गेले की मीही सुई घेऊन बसते. तेव्हाचं काम मी हातातली लडी सांभाळत पाहिलं, आताचं शेजारी बसून पाहते. दोन्हींत लोकर जुनीच, हातही घरातलेच. तरी फरक पुष्कळ आहे, आणि तो नीट सांगावा असं बरेच दिवस मनात आहे.

स्वेटर उसवणं हे तेव्हा दोन माणसांचं काम असे. आधी बगलेच्या आणि खांद्याच्या शिवणी उकलायच्या, मग जिथे टाके बंद केले असतील तिथली गाठ शोधायची. ती एकदा सापडली की धागा सरसर सुटत येई. आई उसवायची आणि मी समोर दोन्ही हात ताठ धरून बसायची. त्यावर लोकर गुंडाळली जायची. हात खाली आले की आई म्हणायची, “हात ताठ धर गं, लडी सैल पडतेय.” सुटलेली लोकर कुरळी असायची, वर्षानुवर्षं ज्या टाक्यांत अडकून होती त्यांची वळणं तिच्यात तशीच राहिलेली. ती लडी चार ठिकाणी दोऱ्याने सैल बांधायची, कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून त्यात नुसती बुडवून दाबायची, आणि वाळत घालताना खालच्या टोकाला पाण्याचा छोटा तांब्या अडकवायचा. वजनाने वळणं जात, लोकर सरळ होई. मग गुंडा करायचा. चोळायचं मात्र कधीही नाही. गरम पाणी, साबण आणि चोळणं या तिन्ही गोष्टींना आमच्या घरी सक्त बंदी होती, कारण त्यांनी स्वेटर आटतो. आटलेला स्वेटर म्हणजे अख्ख्या हिवाळ्याचं विणकाम वाया.

लोकर कुठली, यावर बायकांची ठाम मतं असत. कानपूरच्या लाल इमलीचा कारखाना १८७६ चा, पंजाबातल्या धारीवालचा १८८० चा. ही नावं आमच्या वाड्यात आदराने घेतली जात. दख्खनी मेंढीची काळी लोकर आपल्याकडे मुबलक होती, पण ती घोंगडीची. सणगर ती विणायचे, चिंचोक्यांची खळ लावायचे, आणि ती घोंगडी पाऊस अंगावर घेत आयुष्य काढायची. अंगाला टोचणाऱ्या त्या लोकरीचा खेळ करावा असं कोणाच्या मनात आलं नाही. मुलांच्या गालाला लागायची ती बाहेरून आलेली मऊ लोकर.

प्राणी करायची माझी मावशी. ती मुलींच्या शाळेत शिवणाच्या बाई होती आणि दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आली की तो अभ्रा पलंगावर उपडा करायची. तिची सशाची कृती मला अजून हाताने आठवते. ओटीभर मावेल एवढा चौकोनी तुकडा सगळा सुलट टाक्यांनी विणायचा. चौकोनाच्या मध्यरेषेवर आणि तिथून वरच्या कडेच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी धावदोरा घालायचा, म्हणजे त्रिकोण होतो. त्या त्रिकोणात कापसाचा गोळा ठेवून दोरा ओढला की डोकं फुगून वर येतं आणि चौकोनाची वरची दोन टोकं आपोआप कान होतात. खालचा भाग पाठीवर शिवून त्यातही कापूस भरायचा, शेपटीला लोकरीचा गोंडा. मावशी दोरा ओढायची तो क्षण पाहायला आम्ही भावंडं एकमेकांच्या अंगावर पडायचो. सपाट फडकं होतं तिथे बघता बघता कोणीतरी आलेलं असायचं.

कापूस पिंजाऱ्याच्या कृपेने मिळे. गाद्या पिंजायला तो दारात बसला, धुनकीचा टणत्कार सुरू झाला, की मावशीसाठी दोन-चार ओंजळी बाजूला काढून ठेवायच्या. सावरीचा मिळाला तर मौजच. तो हलका, पण सशाच्या टाक्यांतून उडून सगळ्या घरभर व्हायचा. कापूस कमी पडला तर अभ्र्यातल्याच लोकरीच्या गाठी आणि कातरलेल्या चिंध्या भरायच्या. असा प्राणी हातात जड लागायचा आणि भिजला की दोन दिवस वाळायचा नाही.

त्यांचे रंग एकसारखे कधीच नसत. माझ्या सशाचे पाय बाटलीच्या हिरव्या रंगाचे, पोट राखाडी, एका कानावर मरून पट्टा. हिरवा बाबांचा, राखाडी काकांच्या मफलरचा, मरून भावाच्या शाळेच्या स्वेटरचा. आम्हाला ते पाठ होतं. धाकट्या भावाला ताप आला असताना त्याने हत्तीच्या सोंडेला हात लावून “हे दादाचं” म्हटलेलं मी ऐकलं आहे. घरातल्या माणसांची अशी ओळख खेळण्यात शिवली जावी म्हणून कोणी काही ठरवलं नव्हतं. असलेल्या लोकरीत भागवायचं होतं, आणि त्यातून हे आपसूक झालं.

१९६२ च्या हिवाळ्यात मात्र तो अभ्रा रिकामा झाला. चीनशी युद्ध पेटलं, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि देशभर बायका जवानांसाठी विणायला बसल्या. यशवंतराव १९६३ मध्ये आमच्या नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले, त्यामुळे आमच्याकडे या कामाला घरचं कार्य असल्यासारखा उत्साह होता. वाड्यातल्या सगळ्या ओसऱ्यांवर सुया चालत. हातमोजे, कानटोप्या, पायमोजे. त्या वर्षी आम्हा मुलांना नवा प्राणी मिळाला नाही, आणि त्याचं कोणाला वाईटही वाटलं नाही.

एक गोष्ट आजच्या मुलांना सांगितली की ती चकित होतात: आमच्या प्राण्यांत अस्वल नव्हतं. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०२ मध्ये शिकारीला गेले, बांधून ठेवलेल्या अस्वलावर त्यांनी गोळी झाडली नाही, त्यावर व्यंगचित्र आलं आणि टेडी जन्मला. ती कथा आमच्यापर्यंत फार उशिरा आली. आमच्या गल्लीत अस्वल यायचं ते दरवेशाबरोबर, नाकात वेसण घातलेलं, दमलेलं. दरवेशी त्याचे केस ताइतात घालायला विकायचा आणि लहान मुलं आईच्या पदराआड लपायची. त्याला कुशीत घेऊन झोपावं ही कल्पनाच अवघड होती. मावशीने ससे केले, हत्ती केले, मनीमाऊ केली, एकदा पोपटही केला. अस्वल तिच्या सुईवर कधी आलं नाही.

तेव्हाचं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. डोळ्यांसाठी बायका हाताला लागेल ते वापरत: सदऱ्याची बटणं, काचमणी आणि गुंजा. लाल-काळी गुंज डोळा म्हणून सुरेख दिसते, आणि तिच्यात जबर विष असतं. अख्खी गुंज टणक सालीमुळे पोटातून तशीच निघून जाऊ शकते. पण शिवायला भोक पाडलेली, फुटलेली गुंज लहान मुलाच्या तोंडात जाणं ही जिवावरची गोष्ट. दात येणारी मुलं तर सगळ्यांत आधी डोळाच चावतात. आज भाचीच्या प्राण्यांना डोळे जाड धाग्याने भरतकाम करून काढलेले असतात, आणि मला तेच योग्य वाटतं.

मग लोकर बदलली. सत्तरच्या दशकात कॅशमिलॉन आलं. रंग भडक, साबणाने धुता येई, कसर लागत नसे, अंगाला टोचत नसे. आई सुरुवातीला खूश झाली. पण त्याच्यावर इस्त्री फिरली की ते निर्जीव होऊन लोळायचं, आणि उसवून पुन्हा विणलं तर पहिली ऊब राहायची नाही. त्यामागोमाग लुधियानाचे तयार स्वेटर आले. शरणपूर रोडवरच्या तिबेटी बाजारात हिवाळ्यात त्यांचे ढीग लागले, आणि लोकर विकत घेऊन विणण्यापेक्षा तयार स्वेटर स्वस्त पडू लागला. मशीनवरच्या कित्येक स्वेटरांचं कापड बेतून कापलेलं असतं, शिवण मशीनने कडेवर पक्की केलेली. तो उसवायला घेतला तर सलग धागा मिळत नाही, ओळीओळीला तुटतो. उसवण्याची विद्या अशी हातातून गेली. अभ्रा कधी फेकला गेला ते मला माहीतही नाही.

दुकानातले प्राणी त्याच सुमारास घरात शिरले. वरून पॉलिएस्टरची फर, आतही पॉलिएस्टरचाच तंतू. मुलांना ते आवडले, मीही माझ्या मुलांना आणून दिले. गुलाबी, मऊ, एकाच साच्यातले. शिवण उसवली की आतला तंतू बाहेर येई आणि पुढच्या वाढदिवसाला नवा प्राणी येई. त्यांच्याबद्दल मला एवढंच सांगता येतं, कारण एवढंच आठवतं.

भाचीच्या टेबलावर मी पहिल्यांदा बसले तेव्हा तिने जे केलं ते पाहून माझा हात आपोआप पुढे झाला, थांबवायला. चांगला शुद्ध लोकरीचा, दोन ठिकाणी कसर लागलेला स्वेटर तिने कपडे धुण्याच्या यंत्रात टाकला, पाणी साठ अंशांवर लावलं, साबण घातला आणि बटण दाबलं. आईने आयुष्यभर ज्या तीन गोष्टी टाळल्या त्या तिन्ही एकदम. बाहेर निघाला तो निम्म्याहून लहान झालेला, जाडजूड, टाके दिसेनासे झालेला. “मावशी, आता काप,” म्हणून तिने कात्री माझ्या हातात दिली. कापलं, आणि एक धागा सुटला नाही.

लोकरीच्या तंतूवर अगदी बारीक खवले असतात. गरम पाण्यात आणि साबणात ते उघडतात, घुसळलं की एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. स्वेटर आटतो तो यामुळे, आणि नमदा बनतो तोही यामुळेच. कापड आटवून घट्ट केलं की त्याची कड दुमडावी लागत नाही, हवा तो आकार थेट कापून शिवता येतो. आमच्या घरातला सर्वांत मोठा अपघात आज तिच्या धंद्याची पहिली पायरी आहे. मला हे फार आवडलं. आईला दाखवायला हवं होतं असं तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

खरी लोकर ओळखणं हे आता कौशल्याचं काम झालंय. भाची आतल्या शिवणीतला एक धागा काढून मेणबत्तीवर धरते. लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो, ज्योत बाजूला घेताच ती विझते आणि बोटांत चुरगळणारी राख उरते. ॲक्रिलिक असेल तर काळा धूर निघतो आणि टोकाला कडक मणी बनतो. शुद्ध लोकर असूनही काही स्वेटर आटत नाहीत. यंत्रात धुता यावेत म्हणून कारखान्यात त्यांच्या तंतूंचे खवलेच निकामी केलेले असतात. त्यांना ती परत पाठवते. येणाऱ्या ढिगातला बराचसा ॲक्रिलिकच असतो. आमच्या अभ्र्यात अशी निवड करायची वेळ कधी आली नव्हती.

हे स्वेटर येतात कुठून? बरेचसे परदेशवारीचे. मुलगा शिकायला अमेरिकेला निघाला म्हणून घेतलेले, लंडनहून भेट आलेले, मुलीच्या बाळंतपणासाठी आईवडील गेले तेव्हा अंगावर चढलेले. पुण्यात आल्यावर ते कपाटात जातात आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून राहतात. कसर त्यांच्यातही शिरते, विशेषतः न धुता ठेवले तर. घाम आणि अन्नाचे डाग असलेली लोकर तिला जास्त रुचते. मग एक दिवस कपाट रिकामं करायची वेळ येते.

जगातल्या टाकलेल्या लोकरी कपड्यांचा मोठा ओघ वर्षानुवर्षं पानिपतला येत आला आहे. मराठी माणसाला पानिपत म्हटलं की १७६१ आठवतं, पण तिथे युरोप-अमेरिकेतले जुने कोट आणि स्वेटर गाठोड्यांनी उतरतात. बटणं, चेनी कापून काढायच्या, रंगावार ढीग लावायचे, यंत्रात पिंजून पुन्हा सूत कातायचं. रंग आधीच असतो, त्यामुळे रंगवावंही लागत नाही. त्या सुताची ब्लँकेटं पूर-भूकंपाच्या वेळी मदत म्हणून जगभर गेली आहेत. हल्ली तिथेही पॉलिएस्टरच्या ब्लँकेटांनी बरीच जागा घेतली आहे. आईच्या अभ्र्याचंच हे प्रचंड मोठं रूप आहे असं मला वाटतं. फक्त तिथे कोणाचा कोट कोणाचा, हे कुणालाच ठाऊक नसतं.

खेळण्यांचा धंदाही असाच एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हातून वाढला. जर्मनीतल्या गिंगेन गावची मार्गारेट स्टाइफ लहानपणीच पोलिओने अधू झाली होती. १८८० च्या सुमारास तिने लोकरीच्या नमद्याचे छोटे हत्ती केले, टाचण्या टोचून ठेवायला. बायकांसाठी केलेले ते हत्ती मुलांनी पळवले, आणि त्यातून स्टाइफची खेळणी उभी राहिली. भाचीने हे मला सांगितलं तेव्हा मावशीचा हत्ती आठवला. शिवताना तीही त्याच्या पाठीत सुया टोचून ठेवायची, आणि काम झालं की मोजून काढून घ्यायची.

आज विकायचं म्हटलं की नियम आले. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, आणि हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट मिळाली. भाचीने तशी नोंदणी केली आहे. किमतीवरून लोक कुरकुरतात. एका हत्तीला तिचा जवळजवळ आख्खा दिवस जातो आणि तो यंत्रातल्या प्राण्याच्या दरात द्यायचा तर तिने काम बंद केलेलं बरं. यात मी पूर्णपणे तिच्या बाजूची आहे. मावशीच्या कष्टांना आम्ही कधी किंमत दिली नाही, कारण ती घरची होती. तिची रात्ररात्र गेली, डोळे गेले. त्या फुकटेपणाची मला आठवण येते तेव्हा अपराधी वाटतं, गोड वाटत नाही.

भाचीकडे हल्ली सगळ्यांत जास्त मागणी असते ती गेलेल्या माणसाच्या स्वेटरचा प्राणी करून देण्याची. आमच्या लहानपणी हे कोणी केलं नसतं. गेलेल्याचे कपडे देऊन टाकायचे, अशी रीत. आजीच्या लुगड्याची गोधडी व्हायची खरी, पण बहुतेक ती आजी असतानाच, तिच्याच हाताने. मला आधी ही मागणी विचित्र वाटली. मग एक तरुण बाप आपल्या वडिलांचा तपकिरी स्वेटर घेऊन आला. त्याच्या मुलीने आजोबांना पाहिलं नव्हतं. भाचीने हत्ती केला आणि छातीवर तोच खिसा तसाच ठेवला, चष्म्याचा. मुलीला खिशाबद्दल विचारावंसं वाटलं, आणि बापाला सांगावं लागलं. घरात माणसं कमी झाली, वाडे गेले, एका कपड्याला तीन अंगं मिळेनाशी झाली, तेव्हा ही ओळख आता मुद्दाम शिवावी लागते. तशी शिवलेलीही मला मान्य आहे.

दख्खनी लोकरीलाही आता असेच हात लागू लागले आहेत. तिला बाजारात भाव नाही, कातरलेली लोकर कित्येकदा शिवारातच टाकून देतात. मुंबईच्या सुरेश एरियात यांनी तिच्यावर ‘देसी ऊन’ हा लघुपट लोकरीच्याच बाहुल्या हलवून केला, आणि फ्रान्समधल्या ॲनेसीच्या ॲनिमेशन महोत्सवात २०२५ साली त्याला पारितोषिक मिळालं. भाचीने अलीकडे भरण्यासाठी धुतलेली दख्खनी लोकर वापरून पाहिली. बाहेरून मऊ लोकर, आतून ती खरबरीत. प्राणी भक्कम बसतो, मान पडत नाही. मावशीला ही युक्ती सुचली असती तर आमच्या सशांच्या माना इतक्या लवकर लोंबल्या नसत्या.

भाचीच्या आग्रहावरून मी तिच्या कामात एक भर घातली आहे. प्रत्येक प्राण्यासोबत त्याच स्वेटरच्या लोकरीचा एक छोटा गुंडा जातो, दुरुस्तीसाठी. काही घरांतून तो परत आला, सोबत फाटलेला प्राणी आणि चिठ्ठी: तुम्हीच शिवून द्या. म्हणून महिन्यातून एका रविवारी आम्ही आई-बापांना बोलावतो, मुलांसकट. आदल्या रविवारी एक वडील आले होते, सुई आयुष्यात पहिल्यांदा धरलेली. सशाचा कान लावायला धावदोरा पुरत नाही, उलटा टाका घालावा लागतो, तो शिकवायला अर्धा तास पुरतो. त्याआधी सुईत दोरा ओवणं आणि टोकाला गाठ मारणं शिकवते. मुलगा शेजारी उभा राहून कान तिरका लागतोय असं सांगत होता, म्हणून आम्ही तो उसवून पुन्हा लावला.